एका सतरा-अंकी संख्येचा अभ्यास
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या अंकगणिताच्या शिक्षकांसाठी)

१. पाठाचा उद्देश

नवी मुंबईत राहणाऱ्या मुलाला मोठे आकडे नवीन नसतात. वाशीचा टपाल-निर्देशांक ४००७०३ हा सहा अंकांचा, आणि घरातील दूरध्वनीचा क्रमांक दहा अंकांचा असतो. हे आकडे मूल बिनचूक म्हणून दाखविते. परंतु ते कसे म्हणते इकडे लक्ष दिले पाहिजे. "चार, शून्य, शून्य, सात, शून्य, तीन" असे ते म्हणते. "चार लक्ष सातशे तीन" असे म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने ते एका ठिकाणाचे नाव आहे; ती संख्या नाही. नावाची बेरीज होत नाही, नावाला अवयव नसतात. म्हणूनच सहा-सात अंकांपुढची संख्या गणितात समोर आली की तेच मूल बावरते. आकडा ओळखीचा असतो, पण त्याच्याशी काय करावयाचे हे त्यास ठाऊक नसते.

प्रस्तुत पाठात एकच मोठी संख्या घेऊन तिची सर्व बाजूंनी तपासणी केली आहे. पाठाचे उद्देश तीन आहेत.

(अ) संख्या कितीही मोठी असली तरी लहान संख्यांचेच नियम तिला लागू पडतात, हे मुलांना अनुभवाने कळावे.

(आ) गुणाकारातील "हातचा" म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट व्हावे.

(इ) काही उदाहरणांत दिसणारी रचना आणि कारणासह सिद्ध झालेला नियम यांतील भेद मुलांच्या ध्यानी यावा. हा उद्देश सर्वांत महत्त्वाचा असून पाठाची मांडणी त्याच्याच अनुरोधाने केली आहे.

पूर्वज्ञान : गुणाकाराची उभी मांडणी, ३ व ९ च्या विभाज्यतेच्या कसोट्या, मूळ अवयव, वर्ग.
साहित्य : फळा व चौकटीची वही.
वेळ : दोन तासिका.

२. संख्येची ओळख

शिक्षकांनी फळ्यावर पुढील संख्या लिहावी :

१२३४५६७८९८७६५४३२१

काहीही न सांगता मुलांना ती थोडा वेळ पाहू द्यावी. अंक १ पासून ९ पर्यंत चढत जातात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात, ही गोष्ट मुले आपण होऊन सांगतील. संख्या डावीकडून वाचली किंवा उजवीकडून वाचली तरी सारखीच आहे, हेही त्यांच्याकडूनच यावे. नंतर अंक मोजण्यास सांगावे. ते सतरा भरतात.

आता वाचन. उजवीकडून पहिले तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांनी स्वल्पविराम द्यावेत :

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

कोटी हे माप धरून वाचले असता ही संख्या "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस" अशी होते. "कोटी कोटी" म्हणण्याचा हा खटाटोप आपल्या पूर्वजांना करावा लागत नसे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या "लीलावती" या ग्रंथात एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध असा त्यांचा क्रम आहे. आपल्या संख्येतील सर्वांत डावीकडचा १ हा "मध्य" या सतराव्या स्थानी बसतो. ही नावे मुलांकडून पाठ करून घेण्याची जरूरी नाही. इतक्या मोठ्या स्थानांनाही नावे होती एवढे कळले तरी पुरे.

संख्येच्या आकाराची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगावा. दर सेकंदास एक याप्रमाणे रात्रंदिवस न थांबता मोजत राहिल्यास या संख्येपर्यंत पोहोचण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. मोजून जिचा अंत लागणार नाही अशी ही संख्या, परंतु तिची जन्मकथा मुलांना पाच मिनिटांत कळण्याजोगी आहे.

३. संख्या कशी निर्माण झाली

मुलांना पुढील गुणाकार वहीत करण्यास सांगावे :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पाचवा गुणाकार करण्यापूर्वीच त्याचे उत्तर वर्गातून येईल. ते मान्य करावे, पण लगेच "असे का होते?" हा प्रश्न टाकावा. उत्तरासाठी १११ × १११ ची उभी मांडणी पाहावी. तीत १११ हीच संख्या तीन ओळींत येते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. बेरजेच्या वेळी पहिल्या स्तंभात एक एकक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन व पाचव्यात एक असे एकक पडतात. उत्तरातील प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभातील एककांची मोजदाद होय. त्याहून अधिक काही नाही.

नऊ एककांच्या संख्येचा वर्ग करताना अशा नऊ ओळी होतात. स्तंभांतील एककांची संख्या १, २, ३ अशी वाढत मधल्या स्तंभात ९ होते व पुन्हा उतरते. म्हणून

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

एवढा मोठा गुणाकार झाला, पण त्यात एकदाही हातचा घ्यावा लागला नाही. ही गोष्ट फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

४. अंकांची बेरीज व नऊची कसोटी

वरील उत्तरांतील अंकांच्या बेरजा क्रमाने घेतल्यास १, ४, ९, १६ अशा येतात. याही वर्गसंख्याच आहेत. सतरा-अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग येते. याचे कारणही मांडणीतच आहे : नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एकक, म्हणून एकूण ८१ एकक. हातचा नसल्याने त्यांतील एकही कमी झाला नाही.

बेरीज ८१ असल्याने संख्येस ९ ने निःशेष भाग जातो. ही कसोटी मुलांना तोंडपाठ असते, पण तिचे कारण क्वचितच सांगितले जाते. ते सांगण्यास वाशीचा निर्देशांक उपयोगी पडतो.

४००७०३ = ४ × १००००० + ७ × १०० + ३
= (४ × ९९९९९ + ४) + (७ × ९९ + ७) + ३
= (४ × ९९९९९ + ७ × ९९) + (४ + ७ + ३)

पहिल्या कंसास ९ ने भाग जाणारच. उरली अंकांची बेरीज १४. तिला ९ ने भागून बाकी ५ राहते, म्हणून ४००७०३ ला ९ ने भागल्यासही बाकी ५ च राहते. जो निर्देशांक नाव म्हणून पाठ होता, तो अशा रीतीने संख्या म्हणून मुलांच्या परिचयाचा होतो.

येथे एका चुकीपासून सावध राहावे. "बेरीज ८१ आली, म्हणून संख्येस ८१ ने भाग जातो" असे एखादे मूल म्हणेल. निष्कर्ष खरा आहे, पण कारण खोटे आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ व ९ यांपुरतीच चालते. ८१ ने भाग जाण्याचे खरे कारण निराळे आहे : १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९ × ९ ने भाग जातो. उत्तर बरोबर आले तरी कारण तपासण्याची सवय येथूनच लावावी.

५. मूळ अवयव

सतरा अंकांच्या संख्येचे अवयव पाडावयाचे म्हटले की मुले घाबरतात. परंतु ती ज्या संख्येचा वर्ग आहे तिचे अवयव पाडले की काम झाले. १११११११११ चे तीन-तीन अंकांचे गट पाडावेत :

१११,१११,१११ = १११ × १००१००१
१११ = ३ × ३७
१००१००१ = ३ × ३३३६६७

यातील ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तिची खात्री करून घेण्यास ५७७ पर्यंतच्या सर्व, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो. त्यापुढे जाण्याचे कारण नाही, कारण त्यानंतरची मूळ संख्या ५८७ असून तिचा वर्ग ३३३६६७ हून मोठा आहे. वर्गात हे काम सर्व मुलांत वाटून दिल्यास दहा-पंधरा मिनिटांत पुरे होते, आणि एका माणसाला कंटाळवाणे वाटणारे काम अनेकांनी मिळून कसे उरकते याचाही धडा मिळतो.

तेव्हा १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि तिच्या वर्गात हे सर्व अवयव दुप्पट वेळा येतात : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा व ३३३६६७ दोन वेळा. विभाजक तयार करताना ३ हा शून्यापासून चार वेळांपर्यंत, म्हणजे पाच प्रकारे घेता येतो. ३७ तीन प्रकारे व ३३३६६७ तीन प्रकारे. म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

ही ४५ संख्या विषम का आली? विभाजक नेहमी जोडीने येतात : एकाने संख्येस भागले की भागाकार हा दुसरा. येथे २२ जोड्या होतात, आणि १११११११११ हा एकटा विभाजक स्वतःचाच जोडीदार असल्याने शिल्लक राहतो. प्रत्येक वर्गसंख्येचे असेच होते. ३६ घेऊन मुलांनी हे पडताळून पाहावे.

६. दहावी पायरी

हा पाठाचा मुख्य भाग आहे. येथे शिक्षकांनी घाईने उत्तर सांगू नये.

नऊ गुणाकारांत रचना बिनचूक टिकली. आता दहा एककांच्या संख्येचा, म्हणजे ११११११११११ चा वर्ग किती, हे प्रत्यक्ष गुणाकार न करता वहीत लिहिण्यास सांगावे. बहुतेक मुले पुढील उत्तर लिहितील :

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

हे उत्तर दिसावयास सुंदर आहे, आणि चूक आहे. ते चूक असल्याचे मुलांनीच शोधावे. नऊची कसोटी लावून पाहिल्यास ती फसते : या संख्येतील अंकांची बेरीज ९१, म्हणून बाकी १; मूळ संख्येतील अंकांची बेरीज १०, तिची बाकी १ व वर्गाचीही बाकी १. कसोटीत उत्तर उतरले, तरी ते बरोबर नाही. कसोटी चुकीचे उत्तर पकडू शकते. बरोबर उत्तराची ग्वाही देऊ शकत नाही.

मग चूक कशी पकडावी? अंक मोजावेत. लिहिलेल्या उत्तरात वीस अंक आहेत. परंतु ११११११११११ ही संख्या २०००००००००, म्हणजे दोन अब्ज, हिच्यापेक्षा लहान आहे, आणि दोन अब्जांचा वर्ग म्हणजे ४ वर अठरा शून्ये. तो एकोणीस अंकांचाच होतो. लहान संख्येचा वर्ग त्याहून अधिक अंकांचा कसा होईल? एवढ्या साध्या विचाराने सुंदर उत्तर बाद ठरते.

आता बेरीज प्रत्यक्ष करावी. मधल्या स्तंभात दहा एकक जमतात. दहा हा अंक नाही. म्हणून तेथे ० राहून १ हातचा डावीकडे जातो. त्या स्तंभात नऊ होते, त्यांत एक मिळून पुन्हा दहा. तेथेही ० व हातचा १. त्यापुढील स्तंभात आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि हातचा संपला. म्हणून खरे उत्तर असे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडे ८ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली, आणि संख्या दोन्ही बाजूंनी सारखी राहिली नाही. अंकांची बेरीज १०० यावयास हवी होती, ती ८२ आली. प्रत्येक हातच्यात एका घरातील दहा जाऊन शेजारच्या घरात एक येतो, म्हणजे अंकांची बेरीज नऊने घटते. दोन हातचे झाले, म्हणून अठरा घटले. बेरीज नेहमी नवांनीच घटत असल्याने नऊने भागल्यावरची बाकी मात्र बदलत नाही, आणि म्हणूनच मघाची कसोटी चूक पकडू शकली नाही.

कोपऱ्यात लिहून ठेवलेले वाक्य आता मुलांना दाखवावे : "एकदाही हातचा घ्यावा लागला नाही." रचनेचे सारे बळ त्या एका गोष्टीत होते. ज्या मुलाने कारण समजून घेतले होते त्याला नवव्या पायरीवरच पुढील पायरी मोडणार हे दिसले असते. ज्याने केवळ उत्तरांची शोभा पाहिली होती तो फसला. नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्या वेळी खरे ठरेलच, असा गणितात भरवसा नाही.

मुलांच्या चुकीच्या उत्तराविषयी एक मौज शेवटी सांगावी. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस-अंकी संख्या मूळ संख्या आहे. मूळ संख्या कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग असू शकत नाही. अर्थात ती दहा एककांचाच नव्हे, तर कशाचाच वर्ग नाही.

७. संख्येचे नाव व कै. कापरेकर

या वर्गसंख्यांना "डेम्लो संख्या" असे नाव आहे. ते नाव परक्या देशातून आलेले नाही. नवी मुंबईच्या ईशान्येस, पारसिकच्या डोंगररांगेपलीकडे डोंबिवली आहे. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील या स्थानकावर कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना सुचली, आणि स्थानकाच्या नावावरून त्यांनी संख्यांना हे नाव दिले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या वेळी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित-पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षकाचे काम केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. शाळा सुटल्यावर उरणारा वेळ, कागद आणि पेन्सिल एवढ्याच साहित्यावर त्यांचे संशोधन चाले. आकड्यांचा हा खेळ आहे, यात गणित ते काय, अशीही त्यांच्या कामाची संभावना होत असे. त्यांनी ते सोडले नाही. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा आपला शोध मांडला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी "सायंटिफिक अमेरिकन" या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

६१७४ ची कृती सोपी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार-अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. अधिकात अधिक सात वेळांत ६१७४ येते, आणि आल्यावर ते बदलत नाही. या नियमावर विश्वास का ठेवावा, हे मुले आता विचारतील, आणि त्यांनी ते विचारावे. येथे उत्तर असे की, चार घरांत बसणाऱ्या संख्या दहा हजारच आहेत. त्या सर्व तपासून होऊ शकतात, आणि त्या तपासून झाल्या आहेत. एकही शिल्लक नाही, म्हणून फसण्यास जागा नाही. एककांचे वर्ग मात्र अनंत आहेत. तेथे नऊ तपासून काही सिद्ध होत नाही, तेथे कारणच हवे.

८. सरावाची उदाहरणे

(१) गुणाकार न करता ११११११ व १११११११ यांचे वर्ग लिहा. त्यांतील अंकांच्या बेरजा सांगा.

(२) बेलापूरचा टपाल-निर्देशांक ४००६१४ आहे. त्याचे मूळ अवयव पाडा.

(३) १२३४५६७९ ला ९, १८ व २७ यांनी गुणा. या संख्येत ८ का नाही, याचा विचार मागील भागातील दहाव्या पायरीशी ताडून करा.

(४) २२ × २२ = ४८४ ही संख्या उलटसुलट सारखी आहे. २२२ चा वर्ग तसा आहे काय? नसल्यास रचना इतक्या लवकर का मोडली?

(५) वाशीच्या निर्देशांकातील शेवटचे चार अंक ०७०३ घेऊन कापरेकरांची कृती करा. किती पायऱ्या लागतात?

उत्तरे : (१) १२३४५६५४३२१, बेरीज ३६, १२३४५६७६५४३२१, बेरीज ४९. (२) २ × ३ × २३ × २९०३. (३) १११११११११; २२२२२२२२२; ३३३३३३३३३. (४) ४९२८४; मधल्या स्तंभात ४ × ३ = १२ जमून हातचा येतो. (५) ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४, सहा पायऱ्या.

९. शिक्षकांसाठी सूचना

सतरा-अंकी संख्या किंवा तिचे अवयव मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत, आणि परीक्षेत विचारू नयेत. दहाव्या पायरीवर चुकलेल्या मुलास हसू होऊ देऊ नये. त्याने रचना पाहिली होती, फक्त तिचे कारण पाहावयाचे राहिले होते. एखाद्या मुलाने स्वतः शोधलेली आकड्यांची गंमत आणून दाखविल्यास, ती क्षुल्लक वाटली तरी, फळ्यावर लिहावी आणि वर्गास दोनच प्रश्न विचारावेत : हे नेहमी असेच होते काय? आणि होत असल्यास, का?